माझं कुणीच नव्हतं

धाकटा दोराच्या फासात मांडी घालून विहिरीच्या तोंडावर लोंबकळायचा, एका हातानं कठडा धरायचा आणि डोळे मिटायचा. त्याचे ओठ हलत असेपर्यंत थोरल्याला रहाटाचा दांडा छातीशी आवळून उभं राहावं लागायचं.

"आटप रे."

"झालंच, दादा."

"दोर माझ्या हातात आहे. त्याच्याशी काय बोलतोस? माझ्याशी बोल."

धाकटा हसायचा, कठडा सोडायचा, आणि थोरला चिडलेला असला तरी दांडा हळूहळूच सोडायचा. भिंतीला खांदा घासला, पाय अडकला, की वरून दिसत नाही. दोराच्या थरथरीवरून कळतं. इतक्या वर्षांत ही थरथर त्याच्या हातांनी पाठ केली होती.

पाऊस सलग हुलकावण्या देत होता. विहिरी एकामागून एक आटत होत्या, त्यामुळे दोघा भावांना कामाला तोटा नव्हता. लोकांचं वाईट म्हणजे आपलं बरं, हे थोरल्याला कधी आवडलं नाही, पण पोटापुढं आवडनावड काय करायची? आत्ता बागवाल्याच्या विहिरीत काम होतं. वरचा मुरूम संपून काळा कातळ लागला होता. धाकटा अंगानं किरकोळ, म्हणून खाली तो. पहार आणि घण घेऊन तो कातळाच्या भेगा उकलायचा, दगडगोटे बादलीत भरायचा. थोरला बादली ओढायचा, कठड्याबाहेर रिकामी करायचा, पुन्हा सोडायचा. दुपारी त्याची बायको डबा घेऊन यायची आणि जेवण होईपर्यंत साठलेला ढिगारा फावड्यानं लांब सारायची.

बागवाला सावलीत उभा राहून बघत असायचा. धाकट्यानं डोळे मिटले की तो म्हणायचा, "काय रे थोरल्या, तुझा भाऊ वर फोन लावतो आणि तू लाइन धरून उभा!" बागेतले गडी खो खो हसायचे. थोरला हसायचा नाही. थुंकायचा.

दारू सोडायच्या आधी हाच धाकटा गटारीच्या कडेला सापडायचा. थोरला त्याला पाठीवर टाकून घरी आणायचा. शेवटी एकदा थोरल्यानं कामं बंद ठेवली, धाकट्याला घरात कोंडला आणि दाराशी बसून राहिला. धाकटा थरथर कापायचा, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून किंचाळायचा, शिव्या द्यायचा, वहिनीच्या अंगावर ओकायचा. वहिनी लुगड्याचा पदर धुऊन पुन्हा पेजेची वाटी घेऊन यायची. एकदा तो थोरल्याच्या मनगटाला असा चावला की दातांचे वण राहिले. पण त्यातून तो उठला. हात स्थिर झाले. पुन्हा कामावर आला.

आणि मग कुणाच्या तरी बरोबर वीटभट्टीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थनेला जायला लागला. थोरल्यानं आधी हरकत घेतली नाही. संध्याकाळच्या वेळी गुत्त्याच्या ऐवजी तिकडं जातोय, जाऊ दे. चार बाया, दोन म्हातारे, तालुक्याहून स्कूटरवर येणारा पाद्री. टाळ्या वाजवतात, गाणी म्हणतात. कुणाचं काय जातंय?

गावात लगेच कुजबुज झाली की धाकटा पैसे घेऊन बाटला. हे थोरल्यानंच खोडून काढलं. "पैसे घेतले असते तर चप्पल नसती का घेतली? त्याचे पाय बघा," असं तो गिरणीवर सगळ्यांदेखत म्हणाला होता.

एका संध्याकाळी दोघांचे म्हातारे बाबा खाटेवरून घसरून खाली पडले. त्यांची उजवी बाजू लुळी; वहिनीला एकटीला उचलेनात. थोरला धाकट्याला बोलवायला शेडकडं धावत गेला. दाराशी पोचायच्या आत त्याला धाकट्याचा आवाज ऐकू आला. धाकटा आत उभा राहून साक्ष देत होता, प्रभूनं आपल्याला कसं वाचवलं ते सगळ्यांसमोर सांगत होता.

"मी चिखलात पडलो होतो. मरत होतो. या जगात माझं कुणीच नव्हतं. कुणीच नव्हतं! तेव्हा प्रभूनं हात दिला आणि मला वर काढलं."

आतून बायांचा आवाज आला, "आमेन."

थोरला पत्र्याला हात टेकून उभा राहिला. पत्रा दिवसभर तापलेला होता, हात भाजत होता, पण तो काढायचं त्याला सुचलं नाही. मग हाक न मारताच तो परत फिरला, आणि बाबांना त्यानं एकट्यानं उचललं. पाठीत चमक भरली.

"सापडला नाही?" बायकोनं विचारलं.

"सापडला." त्यानं तिला ऐकलेलं सांगितलं.

ती बाबांची उशी सारखी करत होती. "म्हणू द्या हो. दारू सुटली ना?"

"सुटली. पण सोडवली कुणी? तू ओकारी धुतलीस ती कुणाची? आणि म्हणतो, माझं कुणीच नव्हतं."

"तो प्यायचा तेव्हा तुम्ही रडायचात. आता पीत नाही तर चिडताय. माणसानं वागायचं तरी कसं?"

थोरला जास्तच चिडला.

धाकट्याला बोलून दाखवावं, असं पुष्कळदा त्याच्या जिभेवर आलं. पण काय बोलणार? माझं नाव घे? माझे उपकार मान? भावानं भावाला असं मागायचं नसतं. मागितलं की ते उरत नाही. मग तो दुसऱ्याच गोष्टींवरून खेकसायचा. पहार जागेवर का नाही ठेवली, दोर उन्हात का टाकला.

त्यात पंचाईत अशी, की धाकटा वागायला खरंच बदलला होता. बाबांचं सगळं तो करायचा. अंग पुसायचा, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलायचा, नखं कापायचा. थोरल्याचा हात जड; त्यानं उचललं की बाबा कण्हायचे. धाकट्याचा हात लागला की डोळे मिटून पडायचे. पण अंग पुसता पुसता धाकट्याचं तोंड चालू असायचं. प्रभू असा, प्रभू तसा, नुसतं हो म्हणा बाबा, मनापासून एकदा हो म्हणा.

"पाणी गार आहे," बाबा म्हणायचे.

एकदा तो पाद्रीला घरी घेऊन आला. माणूस सभ्य होता, कपडे इस्त्रीचे, बोलणं मऊ. खाटेजवळ बसून त्यानं बाबांचा लुळा हात हातात घेतला. "आजोबा, तुमच्यावर प्रेम आहे म्हणून विचारतो. आज डोळे मिटले, तर तुम्ही कुठं जाल?"

बाबांनी वाकड्या तोंडानं त्याच्याकडं बघितलं. मग वहिनीला म्हणाले, "मला मुतायला जाता येत नाही, आणि हे विचारतायत कुठं जाल."

वहिनी पदर तोंडात कोंबून आत पळाली. पाद्रीही जरासा हसला. धाकटा मात्र हसला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी खरं होतं. थोरल्याला तेच जास्त टोचलं. नाटक असतं तर एक कानाखाली देऊन काम भागलं असतं.

पुढं बाबांचा ताप वाढत गेला. घास गिळवेना. एका सकाळी धाकटा त्यांच्या ओठांना ओला बोळा लावत होता. थोरला ओसरीवर बसून दोराचे पीळ तपासत होता. दार उघडं होतं.

"बाबा, वेळ थोडा आहे," धाकटा म्हणाला.

"माहीत आहे." बाबांचे शब्द फुटून फुटून येत होते. "एक सांग. तुझी आई कुठं आहे?"

धाकट्यानं बोळा पुन्हा वाटीत बुडवला.

"विचारतोय मी. तुझ्या हिशेबानं ती कुठं आहे?"

"तिनं... तिला कुणी सांगितलंच नव्हतं, बाबा."

"म्हणजे?"

खोटं बोलायचं नाही असं धाकट्यानं ठरवलं होतं. दारूत तो इतकं खोटं बोलला होता की आता खऱ्याचं त्याला व्यसन लागलं होतं. मान खाली घालून तो म्हणाला, "पुस्तकात लिहिलंय ते मी बदलू शकत नाही. तिच्यासाठी मी रोज रडतो. पण तुम्हाला तरी वाचवू द्या."

बाबांनी डाव्या हातानं बोळा बाजूला सारला. मग ते म्हणाले, "तिला तिकडं ठेवून मी तुझ्याकडं येऊन करू काय?"

थोरल्याच्या हातातून दोर गळाला. आई गेली तेव्हा धाकटा लहान होता. त्याला घास भरवल्याशिवाय ती जेवली नव्हती, आजारातसुद्धा. थोरला उठून आत गेला. त्यानं धाकट्याला दंडाला धरून ओढत ओढत ओसरीवर आणलं. त्याचं अंथरूण, उशी, शर्ट, सगळं उचलून अंगणात फेकलं.

"निघ."

"दादा, ऐक—"

"आईला जाळात घातलंस! आपल्या आईला! आणि तेही त्यांच्या तोंडावर!"

"मी घातलं नाही दादा. मी कोण?" धाकटा आता ओरडत होता. "समोर आग दिसतेय मला. तुम्ही सगळे त्या दिशेनं चालताय. मी गप्प बसू? तू गप्प बसला असतास? मी पिऊन मरत होतो तेव्हा तू बसलास का गप्प?"

"आग तुला दिसतेय. आम्हाला फक्त तुझं बोट दिसतंय, आमच्याकडं रोखलेलं."

शेजारच्या दारात माणसं गोळा झाली होती. वहिनी अंगणात गेली, उशी झटकली, अंथरूण गोळा करून ओसरीच्या कोपऱ्यात ठेवलं. "आत नको तर आत नको," ती कुणाकडंही न बघता म्हणाली. "पण माझ्या घरातलं माणूस रस्त्यावर झोपणार नाही."

तेव्हापासून धाकटा ओसरीवर निजायचा. बाबांचं करायला मात्र वहिनी त्याला आत घ्यायची, थोरला बाहेर असला की. कामावर दोघं बरोबरच जायचे, न बोलता. विहिरीवर दुसऱ्या कुणाच्या हातात दोर द्यायला धाकटा तयार नव्हता, आणि दुसऱ्या कुणाला खाली सोडायला थोरला. डोळे मिटणं चालूच होतं. थोरल्यानं "आटप" म्हणणं सोडून दिलं. दांडा आवळून तो दुसरीकडं बघत राहायचा.

अंगणातलं भांडण तोवर गावभर झालं होतं. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, थोरल्याच्या आईला नरकात घातलं. ज्यांनी त्या बाईकडं जिवंतपणी ढुंकून बघितलं नव्हतं, ते आता तिच्या नावानं दात-ओठ खात होते. थोरला रस्त्यानं निघाला की कुणी खांद्यावर हात ठेवायचा, कुणी च्च च्च करायचा. त्याला वाटायचं, आपली जखम आपल्याच अंगावर राहिली नाही. ज्याला त्याला ती उघडी करून बघायची आहे.

दुपारचं ऊन कातळावर नाचत होतं तेव्हा गिरणीवाला बागेत आला. बरोबर दहा-बारा जण. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात पहार. धाकटा विहिरीत होता. घणाचा आवाज खालून येत होता.

"वर काढ त्याला," गिरणीवाला म्हणाला.

"कशाला?"

"त्यानं खणलेलं पाणी आम्हाला नको. आणि तू आमच्याबरोबर चल. आज शेडमध्ये बायांची प्रार्थना आहे, पाद्री येणार. हे खूळ मुळातून उपटू. तू पुढं हो. तुझ्या आईचा प्रश्न आहे."

थोरला बादली ओढत होता. ती तशीच लोंबकळत ठेवून त्यानं दांडा खुंटीला अडकवला. "माझी आई खोकून खोकून रक्त टाकत होती तेव्हा तू तुझ्या गिरणीच्या दारातून तिला हाकललं होतंस. लांबून बोल म्हणाला होतास. आज एवढी जवळची झाली?"

"म्हणजे तू त्यांच्या बाजूचा?"

"मी कुणाच्याच बाजूचा नाही. मी दगड काढतोय."

गिरणीवाल्यानं बागवाल्याकडं बघितलं. बागवाल्यानं झाडाकडं बघितलं. घोळका वीटभट्टीच्या दिशेनं निघून गेला.

"कोण होतं, दादा?" खालून आवाज आला, विहिरीतून येतो तसा, पोकळ.

"कुणी नाही. बादली भर."

त्यानं बादली सोडली, ओढली, रिकामी केली. मग पत्र्यावर पहिला घाव पडला. भट्टी लांब नव्हती. उन्हात आवाज फुटून आला. खोटं कशाला बोला, तो आवाज थोरल्याला बरा वाटला. ज्या पत्र्याला हात टेकून तो उभा राहिला होता, तोच पडत होता. दुसरा घाव. तिसरा. मग एका बाईची किंकाळी आली.

"दादा, आवाज कसला?"

"वारा."

"वारा कुठं आहे? मला वर घे बघू."

"अजून भरली नाही बादली. ती भेग पुरी कर."

दांड्यावर त्याचे हात होते आणि हलत नव्हते. वर काढलं की हा धावत जाणार. मारतील त्याला, डोकं फोडतील. आपण स्वतः जावं, तर हा खाली एकटा. दोन्ही कारणं खरी होती, आणि दोन्हींच्या आड तिसरं काहीतरी दडून बसलं होतं, त्याच्याकडं त्यानं बघितलं नाही. खालून दोराला हिसके बसत होते. एकदा, पुन्हा, मग सारखे. तो बादली ओढत राहिला, ती अर्धी असली तरी.

सगळं शांत झाल्यावर त्यानं फास खाली सोडला.

धाकटा वर आला तेव्हा अंग धुळीनं पांढरं झालं होतं. फास न काढताच त्यानं भट्टीकडं बघितलं. शेडच्या जागी आभाळ दिसत होतं. जेवण देऊन घरी निघालेली वहिनी तिकडूनच रिकामा डबा घेऊन धापा टाकत येत होती. पाद्री स्कूटर टाकून पळाला, तिनं सांगितलं. बाया पांगल्या. शिवणवाल्या आजी पत्र्याखाली सापडल्या, त्यांचा उजवा हात मोडला.

आजी म्हणजे गल्लीतल्या कोपऱ्यावर हातमशीन चालवणारी म्हातारी. एकटीच राहायची. हात गेला म्हणजे मशीन गेलं.

धाकटा गुडघ्यांवर बसला. दोन्ही हात तोंडावर घेऊन पुटपुटला, "प्रभू, तू मला विहिरीत सुखरूप ठेवलंस..."

थोरल्याच्या डोक्यात काहीतरी तुटलं. त्यानं धाकट्याला शर्टाला धरून उभं केलं. "प्रभूनं नाही! मी! मी ठेवलं तुला! हे हात बघ माझे! दारातही मी बसलो होतो, दोरही मीच धरलाय, आणि तू सगळ्या गावाला सांगतोस की माझं कुणीच नव्हतं!"

सांगायचं नव्हतं ते बाहेर पडलं होतं. बागेतले गडी बघत होते. धाकट्याच्या चेहऱ्यावरची धूळ घामानं ओघळत होती. त्याला साक्ष आठवायला वेळ लागला, आणि आठवल्यावर त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"तू ऐकलंस?"

थोरल्यानं त्याचा शर्ट सोडला.

"मी तसं... तिथं तसंच बोलतात, दादा. माझ्या मनात तू नव्हतास असं नाही." तो थांबला. भट्टीकडं बघितलं. मग त्याचा आवाज बदलला. "आवाज काय होता ते तुला माहीत होतं?"

"होतं."

"मी हिसके देत होतो. आजी आत आहेत, बाया आहेत, हेही माहीत होतं?"

"तुला मारलं असतं."

"मारलं असतं. पण पत्रा मी उचलला असता." त्यानं फास अंगावरून काढला आणि कठड्यावर ठेवला, नीट, गुंडाळून. "तू ठेवलंस ना मला? बरं. आजपासून मी तुझंच नाव घेईन. मग आजींचा हातही तुझ्याच नावावर लावतो."

तो निघून गेला. वहिनी थोरल्याकडं बघत उभी राहिली आणि मग फावडं घेऊन ढिगारा सारू लागली. बागवाला जवळ येऊन म्हणाला, "काम जरा थांबवू या. वातावरण निवळू दे."

धाकटा त्या दिवसापासून आजींकडं राहायला गेला. हाडवैद्याकडं नेऊन हात बांधून आणला. पाणी भरायचा, चूल पेटवायचा. शेड पुन्हा उभी राहिली नाही. लोक म्हणायचे आता प्रार्थना घरात होते, आणि ते म्हणताना त्यांचे डोळे पुन्हा बारीक व्हायचे.

बाबांचं करणं थोरल्याकडं आलं. तो कूस बदलायचा तेव्हा बाबा दात आवळायचे, पण धाकट्याचं नाव काढत नसत. ते नाव न काढणंच थोरल्याला सोसत नव्हतं. एका पहाटे कूस बदलताना त्याला कळलं, की अंग सैल पडलं आहे. धाकटा आला, खांदा दिला, सगळं झाल्यावर लांब उभा राहिला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. कुठं गेले असतील, हा प्रश्न दोघांच्या मध्ये उभा होता आणि तो कुणी उच्चारला नाही.

घरातलं पीठ संपलं तेव्हा थोरला दळण घेऊन गिरणीवर गेला. रांग होती. गिरणीवाला पट्ट्याच्या खडखडाटावरून ओरडला, "अरे, थोरल्याला पुढं येऊ द्या! भाऊ असून गय केली नाही पठ्ठ्यानं. पत्रे पडेपर्यंत खाली डांबून ठेवला. आईची लाज राखावी तर अशी!"

रांगेतले बाजूला झाले. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. थोरल्याला सांगायचं होतं की तसं नव्हतं. पण कसं होतं? त्यानं गोणी पुन्हा खांद्यावर घेतली.

"अरे, दळण?"

"तुझ्याकडं नको."

पलीकडच्या गावची गिरणी लांब होती. पाठीतली चमक अजून गेली नव्हती. ऊन असं की वाटेची माती पावलाला चटके देत होती. चालताना तो एकेकाला मनात शिव्या घालत होता. गिरणीवाल्याला, स्कूटर टाकून पळणाऱ्याला, मऊ बोलून माणसाच्या मेलेल्यांना हात घालणाऱ्या त्या पुस्तकाला, भावाला, आणि भावावरून उतरून स्वतःला. स्वतःशी आला की पुन्हा गिरणीवाल्यापासून सुरू करायचा.

वाट गल्लीच्या कोपऱ्यावरून जात होती. धाकटा आजींच्या दारात चुलीसाठी लाकडं फोडत होता. त्यानं मान वर केली.

"दळण घेऊन कुठं?"

"पलीकडं."

"का? गिरणी बंद आहे?"

"चालू आहे."

धाकट्याची कुऱ्हाड हातात तशीच राहिली. दारात आजी बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला, मांडीवर अर्धा शिवलेला झबल्याचा तुकडा. त्यांनी थोरल्याला ओळखलं आणि डावा हात उचलला.

"देव तुझं भलं करो, बाळा."

थोरल्यानं गोणी धप्पकन खाली टाकली. "ते नको, आजी," तो म्हणाला. "तेवढं बोलू नका मला. दुसरं काहीही बोला. शिव्या द्या."

आजी त्याच्याकडं बघत राहिल्या. रागावल्या नाहीत. डोळे किलकिले करून त्यांनी आभाळाकडं बघितलं, त्याच्या भिजलेल्या शर्टाकडं बघितलं, आणि थोडा विचार केला.

"बरं," त्या म्हणाल्या. "ऊन फार आहे. पाणी पिऊन जा."

धाकटा आत गेला आणि तांब्या घेऊन आला. थोरल्यानं तो त्याच्या हातातून घेतला, आणि उभ्या उभ्या, श्वास न घेता, प्यायला.